निंदा शिवाची की आपली?

॥ श्रीगुरुबसवलिंगाय नमः ॥



आपल्या धर्मात पंचाचार सांगितले आहेत : लिंगाचार, सदाचार, शिवाचार, गणाचार आणि भृत्याचार. यांपैकी गणाचाराचा अर्थ सर्वसाधारणपणे असा सांगितला जातो की, शिवाची, शरणांची अथवा धर्माची निंदा कानी आली असता भक्ताने ती निमूटपणे ऐकून घेऊ नये. हा अर्थ चुकीचा नाही. परंतु या एका आचाराचे नाव घेऊन पुष्कळदा असे काही केले जाते की, जे उरलेल्या चारही आचारांत कोठे बसत नाही. या महिन्याच्या निरूपणासाठी हा विषय घेण्याचे कारण म्हणजे मागील पौषात मठात घडलेला एक प्रसंग आणि त्याच दिवसांत योगायोगाने पाहण्यात आलेला एक माहितीपट.

प्रसंग असा. जवळच्या एका गावातील आठ-दहा तरुण एके सकाळी मठात आले. कपाळी विभूती, गळ्यात इष्टलिंग, हातात टाइप केलेला अर्ज. त्या गावच्या शाळेच्या स्नेहसंमेलनात मुलांनी एक नाटिका केली होती. तीत एका स्वामीची थट्टा होती. धर्माची विटंबना झाली, मुलांवर व शिक्षकांवर गुन्हा दाखल व्हावा, असा अर्ज पोलीस ठाण्यात द्यायचा होता. त्यावर मठाचा शिक्का आणि आमची सही हवी होती. त्यांच्यातला एक जण म्हणाला, "स्वामीजी, शिवनिंदा सहन करू नये असे आपणच श्रावणातल्या प्रवचनात सांगितले होते."

सांगितले होते खरे. आम्ही विचारले, "बाळांनो, तुमच्यापैकी नाटिका पाहिली कोणी?"

कोणी बोलेना. एकाला मामेभावाने सांगितले होते. दुसऱ्याने मोबाईलवर अर्ध्या मिनिटाचा तुकडा पाहिला होता. बाकीच्यांनी या दोघांकडून ऐकले होते. आम्ही अर्ज ठेवून घेतला आणि त्यांना चार दिवसांनी यायला सांगितले. खरे सांगायचे तर त्या क्षणी आमचेही मन स्वस्थ नव्हते. स्वामीची थट्टा झाली हे ऐकून आम्हालाही लागले होते.

त्या चार दिवसांत एका भक्ताचा मुलगा दर्शनाला आला. तो पुण्यात संगणकाचे काम करतो. हकीकत ऐकून तो म्हणाला, "स्वामीजी, सही करायची की नाही ते आपण ठरवा, पण त्याआधी तासाभराची एक फिल्म पाहा." आमचे शिक्षण संस्कृत पाठशाळेत व मराठी शाळेत झालेले. भरभर बोललेले इंग्रजी आमच्या कानाला पेलत नाही. तो मुलगा शेजारी बसून अर्थ सांगत गेला आणि आम्ही पाहत गेलो.

हा माहितीपट इंग्लंडच्या चॅनेल फोर या वाहिनीने २००७ साली दाखवला. नाव 'द सीक्रेट लाइफ ऑफ ब्रायन'. १९७९ साली आलेल्या 'लाइफ ऑफ ब्रायन' या विनोदी चित्रपटाची आणि त्यावरून उठलेल्या वादळाची ती कथा आहे. 'माँटी पायथन' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या सहा विनोदी कलावंतांनी तो चित्रपट केला होता. येशू ख्रिस्ताचा जन्म झाला त्याच रात्री शेजारच्या गोठ्यात ब्रायन नावाचे दुसरे मूल जन्मते. पुढे लोक या साध्या माणसालाच मसीहा समजून त्याच्या मागे लागतात. तो पळतो, तर लोकही धावतात. पळताना त्याचे पादत्राण गळून पडते, तर ते उचलून काही जण म्हणतात की हीच खूण. दुसरे त्याच्याजवळचा भोपळा धरून बसतात आणि म्हणतात की खरी खूण ही. घटकाभरात दोन पंथ तयार होतात. तुम्ही स्वतःच्या बुद्धीने चाला, असे तो बिचारा कळवळून सांगतो, तर सगळा जमाव एका सुरात तेच वाक्य त्याला परत ऐकवतो.

चित्रपट कसा तयार झाला, तो भाग आम्हाला फार विचार करण्याजोगा वाटला. या मंडळींनी आरंभी येशूचीच थट्टा करावी असे मनात आणले होते. त्यासाठी त्यांनी शुभवर्तमाने वाचायला घेतली. वाचल्यावर त्यांच्या ध्यानात आले की, या पुरुषाच्या उपदेशात हसण्यासारखे काही नाही. तेव्हा त्यांनी येशूला बाजूला ठेवले आणि थट्टेचा रोख अनुयायांकडे वळवला. चित्रपटात येशू दिसतो तो दूर टेकडीवर, गंभीरपणे उपदेश करताना. हसू येते ते गर्दीच्या मागच्या टोकाला, जेथे लोकांना नीट ऐकू येत नाही आणि तरीही ते अर्थावरून भांडत बसतात. प्रवचनाच्या मंडपात मागे बसलेल्यांना हे चित्र अगदीच अनोळखी वाटू नये!

पुढची हकीकत त्याहून बोधप्रद आहे. १९७८ च्या आरंभी मंडळी चित्रीकरणाला निघण्याच्या बेतात असता ईएमआय कंपनीच्या प्रमुखांनी संहिता वाचली आणि कंपनीने पैसा काढून घेतला. तेव्हा पुढे आला तो बीटल्स गायकवृंदातील जॉर्ज हॅरिसन. पंडित रविशंकरांकडे सतार शिकलेला आणि श्रीकृष्णभक्तीकडे वळलेला हाच तो गायक. त्याने स्वतःची मालमत्ता गहाण टाकून पैसा उभा केला. कारण विचारता त्याचे उत्तर साधे होते : त्याला हा चित्रपट पाहायचा होता. नित्य नामस्मरण करणाऱ्या माणसाला अंधानुयायांच्या थट्टेची भीती वाटली नाही, ही गोष्ट आपण लक्षात ठेवावी.

चित्रपट प्रदर्शित झाल्यावर निदर्शने झाली. इंग्लंडात सेन्सॉरने परवानगी दिली होती, पण चित्रपट अडवण्याचा अधिकार स्थानिक नगरपरिषदांनाही होता. त्यांतील काहींनी बंदी घातली, आणि बंदी घालणाऱ्यांत अशाही होत्या की ज्यांच्या हद्दीत चित्रपटगृहच नव्हते! आयर्लंडमध्ये बंदी १९८७ पर्यंत टिकली. नॉर्वेतही काही काळ बंदी आली, तेव्हा शेजारच्या स्वीडनमध्ये, नॉर्वेने ज्यावर बंदी घातली इतका हा विनोदी चित्रपट आहे, अशी जाहिरात करून लोकांना बोलावण्यात आले. म्हणजे ज्यांनी दार लावले त्यांनीच डांगोरा पिटला.

आता ज्या प्रसंगाने आमची झोप उडवली तो सांगतो. ९ नोव्हेंबर १९७९ रोजी बीबीसीवर या चित्रपटाविषयी चर्चा झाली. एका बाजूला चित्रपटातील दोघे जण, जॉन क्लीझ आणि मायकेल पेलिन. दुसऱ्या बाजूला सदर्कचे बिशप मर्विन स्टॉकवूड आणि लेखक माल्कम मगरिज. बिशप आपल्या धर्मवेषात, छातीवर मोठा क्रूस धारण करून बसले होते. मगरिज हे काही लहान गृहस्थ नव्हेत. तरुणपणी ते केरळातील आलुवा येथील कॉलेजात शिकवीत असत. १९६९ साली त्यांनी मदर तेरेसांवर केलेल्या चित्रपटामुळे कोलकात्याच्या त्या माउलीचे काम जगाला कळले. शिवाय हे मगरिज १९५३ ते १९५७ या काळात 'पंच' या इंग्लंडच्या प्रसिद्ध विनोदी साप्ताहिकाचे संपादक होते. आयुष्यातील काही वर्षे ज्यांनी इतरांना हसण्यात घालवली, ते आता हसणाऱ्यांवर संतापून बसले होते.

दोघे तरुण मुद्दे मांडीत होते : आम्ही ख्रिस्ताची थट्टा केली नाही, विचार न करता मागे धावणाऱ्यांची केली आहे. समोरून उत्तर येत होते ते हेटाळणीचे. अखेरीस बिशपमहाशयांनी, चांदीच्या तीस नाण्यांसाठी येशूला पकडून देणाऱ्या शिष्याची आठवण होईल असा टोला त्या तरुणांना मारून चर्चा संपवली. सभागृहात त्यांना टाळ्याही मिळाल्या असतील. पण पुढे एक गोष्ट उघड झाली. बिशप आणि मगरिज त्या चित्रपटाच्या खेळाला उशिरा पोहोचले होते. सुरुवातीची सुमारे पंधरा मिनिटे त्यांनी पाहिलीच नव्हती. येशू वेगळा आणि ब्रायन वेगळा, हे ज्या भागात स्पष्ट दाखवले आहे, नेमका तोच भाग!

आमच्या शेजारी बसलेला मुलगा काही बोलला नाही. आमच्या समोर चौरंगावर तो अर्ज होता.

येथे एक गोष्ट न्यायबुद्धीने सांगितली पाहिजे. त्या चित्रपटाचा शेवट क्रूसावर होतो आणि तेथे गाणे आहे. ज्यांच्या उपासनेच्या केंद्रस्थानी क्रूस आहे, त्यांना ते दृश्य पाहून दुःख झाले असेल, तर त्या दुःखाला खोटे म्हणण्याचा अधिकार आम्हाला नाही. परधर्मीयांनी आपल्या देवतेविषयी काय सोसावे, हे शिकवण्यासाठी हा लेख नव्हे. पण दुःख होणे निराळे आणि न पाहता न्यायनिवाडा करणे निराळे. इंग्लंडात १९७७ साली ईश्वरनिंदेच्या जुन्या कायद्याखाली एका नियतकालिकाच्या संपादकाला दोषी ठरवून नऊ महिन्यांची, स्थगित ठेवलेली, कैद सुनावण्यात आली होती. तो कायदा त्या देशाने २००८ साली रद्द केला. त्यामुळे ख्रिस्ताचे भजन तेथे बंद पडले असे काही ऐकिवात नाही.

आता आपल्या घराकडे वळू.

सातव्या शतकात कांचीत पल्लव राजा महेंद्रवर्मा राज्य करीत होता. हा राजा शैव. त्याने संस्कृतात 'मत्तविलास' नावाचे प्रहसन लिहिले. त्यात थट्टा कोणाची, तर मद्य पिऊन झिंगलेल्या एका कापालिकाची. म्हणजे शैव पंथातल्याच एका साधूची. त्याचे कपालपात्र हरवते. तो एका बौद्ध भिक्षूवर आळ घेतो, त्यांच्या भांडणात एक पाशुपत पडतो, आणि शेवटी कळते की पात्र कुत्र्याने पळवले होते. शिवभक्त राजाने शैव साधूला रंगभूमीवर हास्यास्पद केले आणि त्याच्या शिवभक्तीला काही उणेपणा आला नाही. कारण तो शिवाला हसत नव्हता, शिवाचे नाव घेऊन झिंगणाऱ्याला हसत होता. भरताच्या नाट्यशास्त्रात हास्याचे सहा प्रकार सांगितले आहेत, स्मितापासून अतिहसितापर्यंत. शास्त्रकारांनीही सगळे हसणे एका मापाने मोजले नाही. आपण मात्र मोजतो.

आणि आपले शरण? महात्मा बसवेश्वरांचे दगडी नाग आणि जिवंत नाग यांविषयीचे वचन आपणां सर्वांना मुखोद्गत आहे, म्हणून येथे त्याचा पाठ देत नाही. आठशे वर्षांनंतर आज आपण ते वचन कौतुकाने म्हणतो. पण ज्या दिवशी ते प्रथम उच्चारले गेले, त्या दिवशी नागपूजा करून घरी परतणाऱ्या एखाद्या भाविक माउलीला ते कसे लागले असेल, याचा विचार आपण करतो काय? तिच्या दृष्टीने ती विटंबनाच होती. अंबिगर चौडय्या तर नाव चालवणारे, नावाड्याच्या कायकातले. ढोंगी गुरू, पोटभरू जंगम, देखाव्याचे भक्त, कोणालाही त्यांनी सोडले नाही. बहुतेक शरणांनी आपल्या वचनांखाली इष्टदेवतेचे नाव अंकित म्हणून घातले. चौडय्यांनी स्वतःचेच नाव घातले. जे बोललो त्याचा जबाबदार मी, असाच त्याचा भाव आम्हाला दिसतो. टीका करणाऱ्याने पाळावयाचा हा मोठा नियम आहे. आणि बसवेश्वरांनी तर दुसऱ्याला हसण्याआधी स्वतःला सर्वांत लहान ठरवले. म्हणून त्यांचे हसणे बोचले तरी त्याचे विष झाले नाही.

सोन्नलिगेचा, म्हणजे आपल्या सोलापूरचा प्रसंग 'शून्यसंपादने'त आला आहे. शिवयोगी सिद्धरामेश्वर तेथे तळे खोदवीत होते, लिंगांची स्थापना करीत होते. हजारो हात कामाला लागलेले. अशा वेळी अल्लमप्रभू आले आणि त्या माणसांच्या समोर सिद्धरामेश्वरांचा उल्लेख 'वड्ड' असा केला. वड्ड म्हणजे दगडमातीचे काम करणारा वड्डर. एवढा मोठा शिवयोगी, आणि त्याला असे म्हणावे! कामावरची माणसे खवळली. त्यांनी अल्लमप्रभूंवर दगड फेकले. वार्ता कळताच सिद्धरामेश्वरही क्रोधाने धावून आले. त्यांनी तिसरा डोळा उघडला, असे परंपरा सांगते.

येथेच कथा संपली असती, तर सिद्धराम हे मोठे बांधकाम करणारे एक सत्पुरुष म्हणून राहिले असते. परंतु तसे झाले नाही. क्रोध ओसरला, तेव्हा त्यांनी अल्लमप्रभूंचे म्हणणे ऐकून घेतले. बाहेर बांधशील किती, आत काय बांधलेस, असा त्या थट्टेचा अर्थ होता. तो अर्थ त्यांच्या अंतःकरणात उतरला. ते अल्लमप्रभूंच्या बरोबर कल्याणला गेले आणि पुढे चेन्नबसवण्णांकडून त्यांनी इष्टलिंगदीक्षा घेतली. दगड फेकणाऱ्यांपैकी एकाचेही नाव आज कोणाला ठाऊक नाही. ज्यांनी ऐकून घेतले, त्यांच्या गड्ड्याच्या यात्रेला आजही सोलापुरात लाखो लोक जमतात.

पण बंधूंनो, दगड फेकणारे ते हात अजून थकलेले नाहीत. डॉ. एम. एम. कलबुर्गी यांनी वचनसाहित्याच्या संशोधनात व संपादनात जन्म वेचला. १९८९ मध्ये त्यांच्या 'मार्ग' या ग्रंथातील काही लेखांवरून आपल्याच समाजातून एवढा गहजब झाला की, त्यांना ते विचार मागे घ्यावे लागले. ती सभा, ते दडपण आपल्यातल्या जुन्या लोकांना आठवत असेल. पुढे ३० ऑगस्ट २०१५ रोजी धारवाडमध्ये त्यांच्या घराच्या दारात मारेकऱ्यांनी गोळ्या घालून त्यांची हत्या केली. त्या हत्येचा दोष आपल्या समाजावर नाही. पण ज्या माणसाशी १९८९ मध्ये आपण ग्रंथ उघडून वाद करायला हवा होता, त्याला आपण घाबरवले, एवढे तरी मान्य केले पाहिजे. पी. व्ही. नारायण यांच्या 'धर्मकारण' या कन्नड कादंबरीवर, शरणी अक्कनागम्मांविषयीच्या मजकुरावरून, कर्नाटक शासनाने १९९७ मध्ये बंदी घातली आणि २००७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. अक्कनागम्मांविषयी कोणी वेडेवाकडे लिहिले तर आम्हालाही यातना होतात. न्यायालयाने कायद्याचा निर्णय दिला, त्याविषयी आम्ही काही म्हणत नाही. आमचा प्रश्न आपल्यापुरता आहे : त्या पुस्तकाविरुद्ध बोलणाऱ्या किती जणांनी ते वाचले होते? आणि त्याला उत्तर म्हणून अक्कनागम्मांचे चरित्र किती जणांनी आपल्या मुलीबाळींना सांगितले?

कल्याणात जेव्हा शरणांवर संकट कोसळले, तेव्हा आपले पूर्वज काय घेऊन निघाले? सोने नव्हे. वचनांच्या ताडपत्रांचे गठ्ठे घेऊन चेन्नबसवण्णांच्या बरोबर उळवीच्या अरण्याकडे गेले, असे परंपरा सांगते. सत्तेला न रुचणारे शब्द वाचवण्यासाठी ज्यांनी प्राण दिले, त्यांचे आपण वंशज. दुसऱ्याचा शब्द दाबण्यासाठी सत्तेच्या दारात अर्ज घेऊन उभे राहताना आपले पाय जड व्हायला हवेत.

भारताच्या संविधानाने एकोणिसाव्या कलमात बोलण्याचे स्वातंत्र्य दिले आहे आणि त्यावर वाजवी मर्यादाही सांगितल्या आहेत. धर्मभावना दुखावण्याविषयीचे दंडविधानातील जुने २९५-अ कलम १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत २९९ व्या कलमाच्या रूपाने आले आहे. त्यातही बुद्धिपुरस्सर व दुष्ट हेतूने केलेल्या अवमानाचीच गोष्ट आहे. म्हणजे कायदासुद्धा आधी हेतू विचारतो. मग धर्माने हेतू विचारू नये काय?

चौथ्या दिवशी ते तरुण आले. आम्ही म्हणालो, "चला, नाटिका पाहू. मग सही." मुख्याध्यापकांना निरोप धाडला होता. आम्ही येतो आहोत हे कळल्यावर ते बिचारे घाबरले होते. मुले तर त्याहून घाबरलेली. आम्ही त्यांना धीर दिला आणि सांगितले, "बाळांनो, जशी केली होती तशीच करा. आमच्याकडे पाहून एक शब्दही बदलू नका."

शाळेच्या अंगणात नाटिका झाली. भगवी चादर पांघरलेला एक मुलगा खुर्चीवर बसला. दुसरा ध्वनिक्षेपकाचे सोंग करून ओरडू लागला : अमक्यांचे पाच हजार, तमक्यांचे अकरा हजार, स्वामीजींच्या पाद्यपूजेसाठी पुढे यावे. रांगेच्या शेवटी एक मुलगी, कष्टकरी बाईचे सोंग घेतलेली, फडक्यात दोन भाकऱ्या बांधून दासोहासाठी आणलेली. ती तीनदा पुढे येते आणि तीनदा मागे ढकलली जाते. चौथ्यांदा ती भाकरी दारातल्या कुत्र्याला घालून निघून जाते, आणि स्वामी विचारतो की आज नैवेद्याला काय आले.

अर्ज घेऊन आलेल्या तरुणांतले दोघे जण मध्येच हसले आणि मग आमच्याकडे पाहून गप्प झाले. आम्हाला हसू आले नाही. कारण मठाच्या यात्रेत देणगीदारांची नावे आणि रकमा ध्वनिक्षेपकावरून वाचण्याची रीत आमच्याच काळात सुरू झाली आहे. ती मुले काही खोटे बोलत नव्हती. त्यांनी ते आमच्याच अंगणात पाहिले होते.

त्या नाटिकेत एक वाक्य इष्टलिंगाविषयी होते, अज्ञानाचे आणि उथळ. आम्ही मुलांना जवळ बसवून इष्टलिंग म्हणजे काय, ते हातावर का घेतात, हे अर्धा तास सांगितले. ते वाक्य काढा असे मात्र सांगितले नाही. नंतर कळले की त्यांनी ते तसेच ठेवले आहे. आम्हाला वाईट वाटले, हे लपवत नाही. पण कोणाच्या वाक्याने इष्टलिंग मलिन होत नाही. ते मलिन होते ते धारण करणाऱ्याच्या वागण्याने. त्या वाक्यात निंदा असेल तर ती अजाण मुलांची होती आणि तिचे उत्तर अर्धा तास शिकवणे हेच होते. बाकीच्या नाटिकेत शिवाची निंदा नव्हतीच. ती आमची होती. आणि ती खरी होती.

अर्ज आम्ही परत केला. महाशिवरात्रीपासून मठात नावे व रकमा वाचणे बंद केले आहे. दासोहाची शिधा जो आणील त्याच्या हातून, आल्या क्रमाने घेतली जाते. याचा परिणामही सांगितला पाहिजे. यंदा देणग्या कमी आल्या. दोन जुने भक्त रुसले आहेत. त्यांतले एक तर अजून मठाची पायरी चढलेले नाहीत. त्यांचे आमच्यावर उपकार आहेत आणि त्यांच्या रुसण्याचे आम्हाला दुःख आहे. सभामंडपाचे छत या पावसाळ्यापूर्वी होणार होते, ते पुढे गेले. पण ज्या छताखाली भाकरीवाली बाई उभी राहू शकत नाही, ते छत थोडे उशिरा झाले तरी चालेल.

शरणबंधूंनो, गणाचार सोडा असे आम्ही सांगत नाही. एखादा माणूस द्वेषाने आपल्या श्रद्धेवर चिखल फेकील, दुबळ्याला त्याच्या जातीवरून, धर्मावरून हिणवील, तर त्याला उघडपणे, निर्भयपणे, शब्दाने उत्तर दिले पाहिजे. लेख लिहा, सभा घ्या, खोटे ते खोडून काढा. तोही गणाचारच आहे. पण हात उगारणे, जाळपोळ करणे, धमकावणे हा गणाचार नव्हे. पॅरिसमध्ये ७ जानेवारी २०१५ रोजी 'शार्ली एब्दो' या व्यंग-साप्ताहिकावरील हल्ल्यात बारा माणसे मारली गेली. त्यांनी काढलेली चित्रे कोणाला कितीही लागली असोत, त्या रक्ताने कोणत्याही देवाची पूजा झाली नाही.

आणि पंचाचारांत गणाचाराच्या सोबतीला भृत्याचार आहे, तो का? भृत्य म्हणजे सेवक. मी सर्वांहून लहान आहे, ही जाणीव म्हणजे भृत्याचार. ती ज्याच्यापाशी नाही, तो स्वतःचा अपमान झाला की धर्माचा अपमान झाला असे समजतो, आणि स्वतःच्या मानासाठी शिवाचे नाव पुढे करतो. त्या बिशपमहाशयांच्या हातून हेच झाले असावे. आमच्याही हातून तीन दिवस तेच होत होते. सही राहिली ती केवळ एका मुलाने वेळेवर एक फिल्म दाखवली म्हणून.

पुन्हा कोणी असा अर्ज घेऊन आला, तर आमचे विचारणे ठरले आहे : तू स्वतः पाहिलेस का? निंदा शिवाची आहे की आपली? आणि आपली असेल, तर ती खरी आहे का? या प्रश्नांची उत्तरे घेऊन मग मठात या. दार उघडे आहे.

दररोज शिवपूजेला बसताना इष्टलिंग तळहातावर घ्याल, तेव्हा क्षणभर हेही विचारा की, आज माझ्या वागण्यात कोणाला हसण्याजोगे काय होते? हा प्रश्न ज्याने स्वतःला आधी विचारला, त्याला दुसऱ्याच्या हसण्याची भीती उरत नाही.

शरणु शरणार्थी.